२० नाहीतर ७५ : खानदेशातील विजेच्या पेटीचा इतिहास

आजच्या धाग्याचा आरंभ एका नियमापासून करू. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतील ५१ वा नियम कारखान्यातल्या स्विचबोर्डाविषयी बोलत असे. बोर्डासमोर किमान १ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी, असे तो सांगत असे. पुढचे वाक्य मात्र वाचणाऱ्याला थांबवते. बोर्डाच्या पाठीमागे उघड्या जोडण्या असतील, तर मागची जागा एकतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी असावी, नाहीतर ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. मधले कोणतेही अंतर चालणार नाही.

असे का? २० सेंटिमीटरच्या फटीत माणूस शिरूच शकत नाही. ७५ सेंटिमीटरच्या वाटेत तो सरळ चालत जातो, काम करतो, आणि काही बिघडले तर सरळ बाहेर पडतो. ४० किंवा ५० सेंटिमीटरच्या फटीत तो अंग चोरून, आडवा होऊन शिरतो. पाठ भिंतीला आणि छाती तांब्याच्या उघड्या पट्ट्यांसमोर. तिथे हात दचकून मागे घ्यायलाही जागा नसते. कायद्याच्या मसुदाकारांना हे टेबलाशी बसून सुचले असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. या आकड्यांमागे कोणीतरी अडकलेला असणार.

औद्योगिक विजेची पेटी, म्हणजे आज ज्याला आपण कंट्रोल पॅनेल म्हणतो ती वस्तू, इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही दालमिलमध्ये, जिनिंगमध्ये, पाइपच्या वा चटईच्या कारखान्यात ती कोपऱ्यात उभी असते. राखाडी पत्रा, दारावर लाल-हिरवे दिवे, एक मोठा फिरवायचा दांडा आणि लाल छत्रीसारखे बटन. आत रांगेने बसवलेली उपकरणे आणि चॅनेलमधून शिस्तीत गेलेल्या वायरी. ही शिस्त सौंदर्यासाठी आलेली नाही. यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हाताशी असावा, आणि तो हात सुरक्षित कसा राहावा, या दोन प्रश्नांची सव्वाशे वर्षांची उत्तरे त्या पेटीत एकावर एक रचलेली आहेत. खानदेशात ती उत्तरे जरा उशिरा पोचली, आणि काही अजूनही नीट बसलेली नाहीत.

पेटीच्या आधीच्या काळात जाऊ.

१८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जी. आय. पी. रेल्वेची वाट खानदेशातून गेली. जळगाव हे तोवर फारसे मोठे गाव नव्हते. रेल्वे आणि कापूस यांनी त्याला बाजारपेठ बनवले. वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले, जळगावात कापडगिरणी निघाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरात प्रतापशेटजींची प्रताप मिल आली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा हा प्रदेश मुंबई इलाख्यातला एक महत्त्वाचा कापूसपट्टा होता.

या कारखान्यांत यंत्र कसे थांबवत? इंजिनघरात एकच वाफेचे इंजिन. त्याच्यापासून निघालेला लांबलचक लोखंडी दांडा म्हणजे लाइनशाफ्ट संपूर्ण शेडभर फिरत असे. त्यावर ओळीने चाके, आणि प्रत्येक चाकावरून एकेका जिनला जाणारा चामड्याचा पट्टा. एखादा जिन थांबवायचा तर चालता पट्टा बाजूच्या मोकळ्या चाकावर सरकवायचा. सगळेच थांबवायचे तर इंजिनघरापर्यंत हाक पोचायला हवी. लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडला, तर त्या हाकेला किती वेळ लागेल याची कल्पना करून पाहा. थांबवण्याची सत्ता एका टोकाला आणि धोका दुसऱ्या टोकाला, अशी ती रचना होती.

कायदा होता. १८८१ चा पहिला कारखाना कायदा यंत्रांना कठडे घालण्याविषयी बोलत होता. परंतु तो लागू होई १०० किंवा अधिक माणसे असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालणाऱ्या कारखान्यांना. कापसाचा हंगाम आणि जिनमधली माणसांची संख्या लक्षात घेतली, तर यातून नेमके कोण सुटले हे सांगायला नको. १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा खानदेशातल्या जिनांमधले कामाचे अमानुष तास हा साक्षींचा विषय झाला. याच आयोगापुढे ठेवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली एक मागणी आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे : काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर ३९ वर्षांनी, १९२३ मध्ये आला. कारखाना कायद्याची १०० माणसांची मर्यादा १८९१ मध्ये ५० वर आली होती.

आता वीज.

१९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या वाफेकडून विजेकडे वळू लागल्या. मुंबईत विजेची मोटर आली म्हणून खानदेशात लगेच आली, असे नव्हे. मुफस्सल गावांत वीज पोचली ती बहुतेक ठिकाणी १९१० च्या कायद्याखाली परवाना घेतलेल्या लहान कंपन्यांमार्फत, आणि ती प्रामुख्याने दिव्यांसाठी. पण मोटर जिथे आली, तिथे जुना लाइनशाफ्ट हळूहळू निरुपयोगी ठरला. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर, आणि प्रत्येक मोटरला स्वतःचा स्विच. थांबवण्याची सत्ता शेडच्या टोकाकडून यंत्राजवळ आली. हा बदल जितका तांत्रिक तितकाच सामाजिकही होता, असे मला वाटते. इंजिनघरातल्या माणसाला न विचारता यंत्र थांबवणारा कामगार त्या आधी नव्हता.

परंतु तो पहिला स्विच कसा होता? सुरुवातीचे बोर्ड लाकडी. लाकूड पेटते हे लक्षात आल्यावर पाटीचा दगड आणि संगमरवर आला. दोन्ही वीज वाहत नाहीत आणि जळत नाहीत. जुन्या वीजघरांच्या छायाचित्रांत हे संगमरवरी बोर्ड फार देखणे दिसतात : पांढऱ्या शिळेवर पितळी कडांची मापके आणि तांब्याची चकाकणारी सुरीसारखी पाती. ते पाते दोन तांब्याच्या जबड्यांत दाबले की वीज सुरू, ओढले की बंद. आणि ते सगळे उघडे. पात्याला हात लागला तर जिवंत वीज. हँडल सावकाश ओढले तर पाते आणि जबडा यांच्यामध्ये ज्वाळेसारखी ठिणगी ताणली जाई. ठिणगी हा शब्दही अपुरा आहे. ही विजेची ज्योत हजारो अंश तापते आणि तांबे वितळवते. म्हणून कामगाराला शिकवण असे की, ओढायचे ते झटक्यात, आणि तोंड बाजूला करून.

इंग्लंडमध्ये हेबर्न येथील रेरोल कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे सारे जिवंत भाग लोखंडी कवचात बंद केले. चालवणाऱ्याच्या बाजूला काहीही उघडे राहू नये, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की तीही कोणाला तरी सुचावी लागली होती हे आपण विसरतो. संगमरवराची जागा पत्र्याने घेतली. देखणेपण गेले, हात वाचले.

जर्मनीतल्या मानहाइम येथे हुगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ च्या सुमारास घडलेला शोधही इथेच नोंदवायला हवा. वितळणाऱ्या तारेच्या फ्यूजऐवजी, जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारी आणि पुन्हा वर करता येणारी छोटी खटक्याची कळ त्यांनी तयार केली. तीच आज आपल्या घरोघरी ‘एमसीबी’ म्हणून बसली आहे. फ्यूजचा मोठा दोष असा की तो माणसाला मोहात पाडतो. जळलेल्या बारीक तारेच्या जागी जाड तार घातली की तो पुन्हा जळत नाही. त्याऐवजी मोटर जळते, किंवा घर. खानदेशातल्या किटकॅट फ्यूजमध्ये किती जाड तारा घातल्या गेल्या याची मोजदाद कोणी केलेली नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी जून महिन्यात महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. खानदेशाच्या दृष्टीने मोठी घटना म्हणजे भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र. त्याचा पहिला, आजच्या मानाने अगदी लहान संच १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटचे दोन संच आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीसच इगतपुरी ते भुसावळ हा रेल्वेमार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर आला. भुसावळ हे वाफेच्या इंजिनांचे गाव विजेच्या इंजिनांचे गाव झाले. दीपनगर आणि रेल्वे या दोन ठिकाणी पॅनेल बांधायला, तपासायला आणि दुरुस्त करायला माणसे लागत होती. भुसावळ आणि वरणगाव येथील आयुधनिर्माणी कारखानेही होतेच. या परिसरात विजेच्या पेटीची भाषा जाणणारी पिढी तयार झाली ती अशी, नोकरीतून. आयटीआयचे प्रमाणपत्र तिच्या हाती नंतर आले.

याच काळात १९५६ चे नियम रोजच्या व्यवहाराचा भाग झाले. ते वाचताना मला नेहमी वाटते की, हा अपघातांचा जमाखर्च आहे, फक्त त्यातली नावे काढून टाकली आहेत. नियम ६१ : प्रत्येक स्थिर मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र आणि वेगळ्या अर्थिंगच्या जोडण्या हव्यात. दोन का? कारण एक तुटली तर कोणाच्याही ध्यानात येत नाही. मोटर चालूच राहते, आणि तिला हात टेकवणारा माणूस हीच मग जमिनीकडे जाणारी वाट होते. नियम ४४ : विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणायचे याच्या सूचना भिंतीवर लावाव्यात, आणि त्या स्थानिक भाषेतही असाव्यात. नियम ३५ : धोक्याची पाटी, कवटी आणि हाडांच्या चित्रासह, तीही स्थानिक भाषेत. रस्त्याकडेच्या रोहित्रावर ‘सावधान’ लिहिलेली लाल पाटी आपण हजार वेळा पाहिली आहे. चित्र आहे ते न वाचणाऱ्यांसाठी आणि मराठी आहे ती इंग्रजी न येणाऱ्यांसाठी, हे तिथे कायद्याने ठरलेले आहे.

इथून आपण कारखाना क्षणभर सोडून शेतात जाऊ, कारण खानदेशात विजेची सर्वांत जास्त हाताळली गेलेली पेटी कारखान्यात नाही. ती रावेर-यावलच्या केळीच्या बागेत, विहिरीच्या काठावर, लाकडी फळीवर ठोकलेली आहे. तिला सगळे स्टार्टर म्हणतात.

हिरवे बटन दाबले की पंप सुरू, लाल दाबले की बंद. आत एक विद्युतचुंबक असतो. हिरवे बटन दाबल्यावर तो तीन फेजचे संपर्क ओढून धरतो, आणि बोट काढले तरी एका लहान जोडसंपर्कातून स्वतःलाच वीज पुरवत राहतो. यातली खरी करामत दिसते ती वीज गेल्यावर. वीज गेली की चुंबक सुटतो, संपर्क उघडतात, आणि वीज परत आली तरी ते आपोआप जुळत नाहीत. कोणीतरी येऊन पुन्हा हिरवे बटन दाबावे लागते. ही कल्पना जुन्या एकदिश विजेच्या मोटरींच्या काळातली आहे. तेव्हाच्या स्टार्टरचे हँडल एका विद्युतचुंबकाने धरून ठेवलेले असे. वीज गेली की स्प्रिंग ते हँडल परत मागे ओढून घेई. उद्देश एकच : वीज परतताच यंत्र न सांगता सुरू होऊ नये. वीज नाही असे समजून कोणी पट्ट्यात हात घातलेला असू शकतो. कोणी विहिरीत उतरलेला असू शकतो.

आणि खानदेशातल्या शेतकऱ्याने नेमकी हीच गोष्ट निकामी केली. त्याने स्टार्टरला ‘ऑटो’ जोडला. वीज आली की ऑटो आपोआप हिरवे बटन दाबल्याचे काम करतो आणि पंप सुरू होतो.

त्याला बेफिकीर म्हणणे सोपे आहे. पण शेतीला वीज मिळे ती पाळीपाळीने, अनेकदा मध्यरात्रीनंतर. कडाक्याच्या थंडीत, साप-विंचवाच्या वाटेने, बिबट्याच्या भीतीत रात्री दोन वाजता बटन दाबायला जायचे की घरी झोपून ऑटोवर सोपवायचे? त्याने जे केले ते त्याच्या वेळापत्रकाला दिलेले शहाणे उत्तर होते. परिणाम मात्र वाईट झाले. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट प्रवाह ओढते. फीडरवर वीज येताच शे-दीडशे पंप एकाच क्षणी सुरू झाले तर रोहित्र जळते, आणि मग आठ-दहा दिवस कोणालाच पाणी नाही. महावितरण ऑटो काढून कपॅसिटर बसवा असे आवाहन वर्षानुवर्षे करत आली आहे. स्टार्टरमध्ये घातलेली सुरक्षितता ही वीज अखंड मिळते, क्वचितच जाते, या गृहीतकावर उभी होती. जिथे ते गृहीतकच खरे नव्हते, तिथे ती टिकली नाही. २०१७ पासून राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचा प्रयत्न सुरू केला. पाण्याच्या प्रश्नाइतकाच तो या स्टार्टरच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

पुन्हा कारखान्यात येऊ. १९७० नंतर जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रे गुंतागुंतीची होत गेली. एका मोटरीचा एक स्टार्टर भागेना. आधी पंखा, मग कन्व्हेयर, मग जिन. पुढचे बंद पडले तर मागचे आपोआप थांबले पाहिजे, नाहीतर कापूस कोंबला जातो आणि पेटतो. अशा क्रमासाठी पेटीत रिले आले, आणि एका रिलेतून दुसऱ्यात जाणाऱ्या वायरींचे जंगल आले. तिकडे अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोटारीचे मॉडेल बदलले की अशी हजारो रिलेंची पेटी फेकून द्यावी लागे. त्यावर १९६८ मध्ये डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला : क्रम वायरींत न गुंफता यंत्राच्या स्मृतीत लिहायचा. त्यांच्या संस्थेचा तो ८४ वा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव मॉडिकॉन ०८४. तेच पहिले पीएलसी. गंमत अशी की, प्रोग्राम लिहिण्याची पद्धत त्यांनी मुद्दाम जुन्या रिलेच्या शिडीसारख्या आकृतीची ठेवली, म्हणजे कारखान्यातल्या वायरमनला ती वाचता यावी. नव्या यंत्राने जुन्या माणसाची लिपी स्वीकारली, असे तंत्रज्ञानात वारंवार घडत नाही.

मग नीटनेटके पॅनेल म्हणजे काय? आत पाहा. उपकरणे ३५ मिलिमीटर रुंदीच्या पत्र्याच्या पट्टीवर खटकन बसतात. ही जर्मन पट्टी आज जगभर ‘डिन रेल’ या नावाने चालते. वायरी छिद्रांच्या पीव्हीसी चॅनेलमधून जातात. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे अंक छापलेली छोटी नळी, आणि दोन्ही टोकांवर एकच अंक. वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला लग, म्हणजे एकही सुटी तार बाहेर डोकावत नाही. ४१५ व्होल्टच्या वायरी एका बाजूने, २४ व्होल्टच्या दुसऱ्या बाजूने. तांब्याच्या बसबारवर लाल, पिवळी, निळी बाही आणि त्यांच्यापुढे पारदर्शक आडोसा. मुख्य स्विचचा दांडा दारातून असा जोडलेला की तो चालू असताना दार उघडत नाही. आणि दाराच्या आतल्या खिशात नकाशा.

शेवटची वस्तू बहुधा गायब असते. कोणत्याही जुन्या वायरमनला विचारा.

हे सगळे कोणासाठी? पॅनेल बांधणाऱ्याला याची गरज नसते. त्याला कोणती वायर कुठे गेली हे पाठ असते. ही शिस्त दहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. रात्रपाळी आहे, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या आहेत, मालक मागे उभा राहून किती वेळ लागेल असे विचारतो आहे, आणि त्या माणसाला हातात बॅटरी घेऊन ठरवायचे आहे की ही वायर ओढली तर काय थांबेल आणि काय थांबणार नाही. फेरूल असेल तर तो वाचतो. नसेल तर तो अंदाज करतो. अंदाज चुकण्याची किंमत कधी मोटर असते, कधी तो स्वतः. स्वस्त दराच्या कामात सर्वांत आधी फेरूल आणि नकाशा कापले जातात, कारण त्यांच्यावाचून पॅनेल पहिल्या दिवशी अगदी तसेच चालते.

जळगावचे या इतिहासातले स्थान नुसते वापरणाऱ्याचे नाही, हे इथे अभिमानाने सांगायला हरकत नाही. लेग्रँड या फ्रेंच कंपनीचा विद्युत साहित्याचा कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. स्पेक्ट्रम इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज ही जळगावचीच कंपनी विजेच्या उपकरणांचे सुटे भाग आणि पत्र्याचे काम करते. ज्या जिल्ह्यात लाइनशाफ्टचे पट्टे फिरत होते, तिथेच आता पेटीतले साहित्य तयार होऊन बाहेर जाते.

पण या पेटीला जळगावात एक अडचण आहे, आणि ती हवामानाची आहे.

पॅनेलविषयीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणक, जे भारतानेही आयएस ८६२३ च्या पुढचा टप्पा म्हणून स्वीकारले, असे धरून चालते की पेटीबाहेरची हवा ४० अंशांपेक्षा जास्त तापणार नाही आणि चोवीस तासांची सरासरी ३५ अंशांपलीकडे जाणार नाही. घरगुती एमसीबीचे मोजमाप तर ३० अंशांवर केलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणे ही बातमीसुद्धा राहिलेली नाही. पत्र्याच्या छताखाली तो आणखी चढतो. बंद पेटीच्या आत उपकरणांच्या स्वतःच्या उष्णतेने त्यावर दहा-पंधरा अंश सहज पडतात. मग ओव्हरलोड रिले आणि एमसीबी विनाकारण पडू लागतात. म्हणजे विनाकारण नव्हे. त्यांना उष्णताच मोजायला शिकवले आहे आणि त्या ती प्रामाणिकपणे मोजतात. ड्राइव्ह तापून थांबतात. उत्पादन थांबते.

तेव्हा काय केले जाते? पॅनेलचे दार उघडतात आणि समोर उभा पंखा लावतात.

हे दृश्य उन्हाळ्यात इतके सार्वत्रिक आहे की कोणालाच खटकत नाही. दार उघडे ठेवण्यासाठी दांड्याचे इंटरलॉक सोडवावे लागते. अधिकृत तंत्रज्ञासाठी त्यात एक स्क्रू ठेवलेला असतो, तो फिरवला की झाले. त्या एका स्क्रूने रेरोलच्या लोखंडी कवचापासूनचे शतकभराचे काम पुसले जाते. जिनिंगमध्ये हवेत तंतू उडत असतात. पंखा ते थेट आत फेकतो. कॉन्टॅक्टर दर वेळी उघडताना एक छोटी ठिणगी देतो. कापसाचा तंतू आणि ठिणगी यांचे नाते खानदेशाला समजावून सांगायला नको. शिवाय पाली आणि उंदीर यांना उबदार जागा फार आवडते.

उपाय माहीत आहेत आणि ते अवघडही नाहीत. पेटी मोठी घ्यायची, म्हणजे उष्णता सोडायला पृष्ठभाग जास्त मिळतो. उपकरणे गरजेपेक्षा एक माप वरची निवडायची. उपकरणांच्या मध्ये जागा सोडायची आणि सर्वांत तापणारी वस्तू वर ठेवायची. जिन आणि पॅनेल यांच्यामध्ये भिंत घालून पॅनेलला वेगळी खोली द्यायची. या प्रत्येक उपायाने दर वाढतो, आणि दरपत्रकात ‘४५ अंश’ असा रकाना नसतो. ग्राहकाने तो मागितला नाही तर बांधणारा देत नाही. आणि ग्राहकाला तो रकाना असू शकतो हेच ठाऊक नसते. माझ्या मते खानदेशातल्या पॅनेलबांधणीचा सर्वांत मोठा प्रश्न आज हाच आहे. कारागिरी उत्तम आहे, साहित्य उत्तम आहे. गृहीत धरलेले हवामान मात्र दुसऱ्या देशातले आहे.

आता धुळे जिल्ह्यात, साक्रीकडे. तिथे शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. सौरपट्ट्या एकदिश वीज देतात, म्हणजे संगमरवरी बोर्डांच्या काळातली तीच जुनी वीज. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ज्योत स्विच उघडताना लवकर विझते. एकदिश प्रवाह कधीच शून्यावर येत नाही. संपर्क दूर गेले तरी ज्योत त्यांच्यामध्ये ताणत राहते. आणि इथे रात्र झाल्याशिवाय वीज जातही नाही. ऊन आहे तोवर पट्टीच्या टोकांवर व्होल्टेज आहेच, मुख्य स्विच कुठेही असो. थांबवण्याचे बटन यावेळी सूर्याच्या हातात आहे.

म्हणून सौरपट्ट्यांच्या ओळींमध्ये ज्या छोट्या पेट्या उभ्या असतात, त्यांतल्या फ्यूजधारकांवर एक सूचना छापलेली असते : भार चालू असताना उघडू नये. संगमरवरी बोर्डावरच्या कामगाराला पाते झटक्यात ओढून तोंड बाजूला करायला शिकवत. साक्रीच्या उन्हात उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला शिकवतात की, आधी वेगळ्या स्विचने प्रवाह तोडायचा, चिमटा-मीटर लावून तो खरोखर शून्य झाला आहे हे पाहायचे, आणि मगच फ्यूजला हात लावायचा.